कंपनीचं वातावरण आणि कंपनीची संस्कृती : ऑफर स्वीकारण्याआधी नेमकं काय तपासायचं?

मुलाखत देऊन आलेल्या माणसाला ‘कशी वाटली कंपनी?’ असं विचारलं की उत्तर बहुधा ठरलेलं असतं : ‘वातावरण मस्त आहे.’ मॅनेजर मोकळेपणाने बोलले, टीम हसतखेळत बसली होती. हे निरीक्षण खोटं नसतं. पण त्यावरून ‘तिथली संस्कृती चांगली आहे’ असं ठरवलं की फसगत होऊ शकते. (बीन बॅग आणि टेबल टेनिस हे तर वातावरणही नव्हे, ते फर्निचर.)

वातावरण म्हणजे सध्या तिथे काम करताना लोकांना कसं वाटतंय ते. एकाच कंपनीत ते टीमगणिक वेगळं असतं. मॅनेजर बदलला किंवा मोठा क्लायंट हातचा गेला की महिन्याभरात पालटतं. संस्कृती म्हणजे तिथे न बोलता धरून चाललेल्या गोष्टी. चूक झाली तर सांगायची की झाकायची? साहेबांच्या आधी घरी निघालं तर चालतं का? मीटिंगमध्ये वरिष्ठांचं म्हणणं खोडून काढणारा पुढे जातो की बाजूला पडतो? साहेब बदलले तरी ही उत्तरं सहसा बदलत नाहीत.

एडगर शाइन या अमेरिकी अभ्यासकाने १९८०च्या दशकात संस्कृतीचे तीन थर मांडले. वरचा डोळ्यांना दिसणारा : ऑफिसची मांडणी, पेहराव, बोलण्याची रीत. मधला, कंपनी स्वतःबद्दल जे सांगते तो. आणि तळाशी गृहीतकं, इतकी मुरलेली की ती गृहीतकं आहेत हेही कोणाच्या लक्षात येत नाही. उमेदवाराला पहिला थर दाखवतात, दुसरा ऐकवतात. दुसऱ्यावर किती विसंबायचं? आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता ही मूल्यं मिरवणारी एन्रॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी हिशेबातले घोटाळे उघडकीला येऊन डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली.

तळाचा थर चाचपायचा तर मत विचारू नये, घटना विचारावी. ‘वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे?’ याचं उत्तर समोरच्याला पाठ असतं. ‘गेल्या वेळी डेडलाइन हुकली तेव्हा काय झालं?’ याचं नसतं. त्या उत्तरात ‘आमचा अंदाज चुकला’ असं येतं की एखाद्या सोडून गेलेल्या पोरावर खापर फुटतं, तेवढं नीट ऐकावं. या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेलं, हेही विचारावं. माझ्या मते सगळ्यांत कामाचा प्रश्न मात्र बढतीचा : ‘टीममध्ये शेवटची बढती कोणाला मिळाली, आणि कशासाठी?’ कंपनीला खरोखर काय आवडतं ते भिंतीवरच्या पोस्टरपेक्षा या उत्तरात जास्त कळतं. हाच प्रश्न दोघांना वेगवेगळा विचारता आला तर सोन्याहून पिवळं.

नेटवरचे रिव्ह्यू वाचतानाही हाच फरक उपयोगी पडतो. एकाच महिन्यात, एकाच विभागातून आलेली संतापाची लाट बहुतेक वातावरणाची असते. तीच तक्रार चार-पाच वर्षं, वेगवेगळ्या विभागांतून येत असेल तर ती संस्कृतीची समजावी. पंचतारांकित कौतुकांची अचानक रीघ लागली असेल तर ती मी सरळ सोडून देतो.

म्हणजे वातावरण दुय्यम, असं मात्र नाही. वर्षभराच्या करारावर जात असाल, तर कंपनीच्या मुरलेल्या सवयींपेक्षा रोज ज्याच्या हाताखाली बसायचं तो माणूस जास्त महत्त्वाचा. तेव्हा ऑफर हातात आल्यावर, होकार कळवण्याआधी, त्याच्याशी अर्धा तास बोलायला मिळेल का, हे मागून बघा. एचआरशी नव्हे, त्याच्याशीच.