रोजच्या इंग्रजीतील वाक्यांचे साचे

नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून सातपूर-अंबडपर्यंत इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालतात आणि त्यांतील अनेक वर्गांची सुरुवात आजही बारा काळांच्या तक्त्याने होते. ‘आय शॅल हॅव बीन ईटिंग’ हे रूप विद्यार्थी बिनचूक म्हणून दाखवतो. पण त्र्यंबकेश्वरला आलेल्या परदेशी पाहुण्याने साधा रस्ता विचारला, की त्याची जीभ अडखळते. हा दोष विद्यार्थ्याच्या बुद्धीचा नाही. इंग्रजी मातृभाषा असलेली माणसे दिवसभर ज्या वाक्यरचना वापरतात, त्यांचे प्रमाण आणि या तक्त्याने दिलेले महत्त्व यांचा मेळच बसत नाही.

हे प्रमाण मोजता येते. 1961 मध्ये अमेरिकेत छापल्या गेलेल्या मजकुरांतून ब्राउन विद्यापीठातील अभ्यासकांनी सुमारे दहा लाख शब्दांचा संग्रह तयार केला, तर 1990 च्या दशकात ब्रिटनमध्ये दहा कोटी शब्दांचा राष्ट्रीय संग्रह उभा राहिला आणि त्यातील सुमारे एक कोटी शब्द प्रत्यक्ष बोलण्यातून टिपलेले होते. अशा संग्रहांमुळे कोणती रचना किती वेळा येते, हे अंदाजाने सांगण्याची गरज उरली नाही. भाषाशास्त्रज्ञ डग्लस बायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की इंग्रजी संभाषणात साधी क्रियापदरूपे चालू काळाच्या ‘-इंग’ रूपांच्या वीसपटीहूनही अधिक वेळा येतात. आपल्याकडे मात्र चालू काळ सुरुवातीलाच आणि मोठ्या आग्रहाने शिकवला जातो. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ किंवा ‘आय ॲम नॉट नोइंग’ ही वाक्ये आपल्या तोंडी बसण्यामागे या शिकवणीचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे. मराठीतील जागोजागी येणारे ‘आहे’ त्यात भर घालते.

मुळात इंग्रजीत वाक्याचा साचा इतका महत्त्वाचा का, हे मराठीशी ताडून पाहिले की चांगले उलगडते. निफाडच्या उसाच्या पट्ट्यात वारंवार ऐकू येणारे एक वाक्य घेऊ : ‘बिबट्याने कुत्र्याला पकडले.’ हेच वाक्य ‘कुत्र्याला बिबट्याने पकडले’ किंवा ‘पकडले बिबट्याने कुत्र्याला’ असेही म्हणता येते. कुत्र्याचे काय झाले, असे कोणी विचारले तर दुसरे वाक्य सहज तोंडी येते आणि तिसऱ्यात बातमी सांगण्याची घाई दिसते. तिन्ही वाक्यांत शिकारी कोण आणि शिकार कोण याबद्दल मात्र शंका राहत नाही, कारण ‘-ने’ आणि ‘-ला’ हे प्रत्यय त्या त्या नामाला चिकटलेले असतात आणि नाम कोठेही नेले तरी त्याची भूमिका त्याच्याबरोबर जाते. इंग्रजीत ‘द लेपर्ड कॉट द डॉग’ या वाक्यातील दोन नामांची अदलाबदल केली, की कुत्र्यानेच बिबट्याला पकडलेले असते. नामाला प्रत्यय नाही, त्यामुळे क्रियापदाच्या आधीची जागा कर्त्याची आणि नंतरची जागा कर्माची, एवढ्यावरच सारा अर्थ तोललेला असतो. ती जागा रिकामीही ठेवता येत नाही. दुकानाच्या बंद दाराकडे पाहून आपण नुसते ‘बंद आहे’ म्हणतो. इंग्रजीत तेथे ‘इट्स क्लोज्ड’ मधील ‘इट’ लागतेच.

इंग्रजी पहिल्यापासून अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते आणि शब्दांचा क्रमही आजच्यापेक्षा पुष्कळ मोकळा होता. पुढील काही शतकांत ते प्रत्यय झिजत गेले आणि त्यांचे काम शब्दांच्या जागांनी उचलले. या बदलाचा एक परिणाम मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल. ‘मला चहा आवडतो’ या वाक्यात क्रियापद ‘मला’शी नव्हे, तर ‘चहा’शी जुळते, चहाच्या जागी कॉफी आली तर ‘आवडते’ होते. अनुभव घेणारा माणूस येथे ‘-ला’ लावून बाजूला बसतो. जुन्या इंग्रजीत ‘लाइक’चे पूर्वरूप नेमके असेच वापरले जाई आणि ज्याला गोष्ट आवडली, तो चतुर्थीसारख्या विभक्तीत येई. प्रत्यय गेल्यावर वाक्याच्या सुरुवातीला बसलेला तो माणूसच कर्ता समजला जाऊ लागला आणि ‘आय लाइक टी’ हा आजचा साचा रूढ झाला. आता जुनाट झालेल्या ‘मीथिंक्स’ या शब्दात ती जुनी ठेवण शिल्लक आहे. त्या शब्दाचा अर्थ ‘मला वाटते’ असाच आहे. आपल्या ‘मला ताप आहे’, ‘मला वेळ नाही’, ‘मला दोन भाऊ आहेत’ या साऱ्या वाक्यांना आजच्या इंग्रजीत ‘आय हॅव’ किंवा ‘आय डोन्ट हॅव’ हा एकच साचा पुरतो. प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे जुळवत बसण्यापेक्षा ही एक जोडी पक्की केलेली बरी.

इंग्रजी वाक्यांच्या मूळ ठेवणी तशा मोजक्याच आहेत. व्याकरणकार रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मधील आपल्या बृहद् व्याकरणात त्या सात मानल्या आहेत. बोलणारा माणूस मात्र या सात ठेवणींत दर वेळी नवे शब्द भरत बसत नाही. त्याच्या तोंडी तीन-चार शब्दांचे तयार जुडगे असतात. ‘आय डोन्ट नो व्हॉट’, ‘डू यू वॉन्ट टू’, ‘आर यू गोइंग टू’ हे तुकडे संभाषणात पुन्हा पुन्हा येतात आणि पुढचे दोन-तीन शब्द तेवढे बदलतात.

मुलांच्या कानावर भाषा कशी पडते, हे पाहिले की याचे महत्त्व आणखी स्पष्ट होते. थिआ कॅमेरॉन-फॉकनर, एलेना लीव्हन आणि मायकेल टोमासेलो यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 12 इंग्रजीभाषक मातांचे आपल्या लहान मुलांशी झालेले बोलणे तपासले. त्यांच्या निम्म्याहून अधिक वाक्यांची सुरुवात अवघ्या 52 ठरावीक तुकड्यांपैकी एखाद्याने होत होती. ‘कर्ता, क्रियापद, कर्म’ अशी पाठ्यपुस्तकात पहिल्या धड्यात भेटणारी पूर्ण वाक्ये त्या बोलण्यात थोडी होती. प्रश्न आणि अर्धेमुर्धे उद्गार यांचा भरणा मोठा होता. म्हणून नाशिकच्या वर्गांतही तक्त्याआधी प्रश्नांचे साचे कानावर आणि जिभेवर यायला हवेत, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नांतच आपली खरी अडचण होते. मराठीत विधानाच्या शेवटी ‘का’ जोडला, की प्रश्न तयार होतो. इंग्रजीत त्यासाठी अनेकदा स्वतःचा अर्थ नसलेले ‘डू’ आणावे लागते आणि काळही त्यालाच द्यावा लागतो. ‘डिड यू वेंट’ ही चूक घडते, ती भूतकाळ दोन ठिकाणी दाखवल्यामुळे. हे ‘डू’सुद्धा तुलनेने अलीकडचे आहे. पंधराव्या ते सतराव्या शतकांदरम्यान ते प्रश्नांत आणि नकारात कसे पसरत गेले, याची मोजणी स्वीडिश अभ्यासक अल्वर एलेगोर्ड यांनी 1953 मध्ये मांडली. त्यापूर्वी क्रियापदच कर्त्याच्या आधी नेऊन प्रश्न विचारण्याची रीत होती.

वाक्याच्या शेवटी येणाऱ्या ‘ना’ची गोष्ट थोडी वेगळी आहे. ‘तुम्ही उद्या पंचवटीत येणार ना?’ यातील ‘ना’ कर्ता आणि काळ बदलले तरी तसाच राहतो. प्रमाण इंग्रजीत मात्र ‘आरंट यू’, ‘डझंट ही’, ‘वोंट दे’ असे दर वेळी नवे रूप घडवावे लागते, आणि भारतीय माणूस सगळीकडे ‘नो?’ किंवा ‘इजंट इट?’ लावतो. परीक्षेत याचे गुण कापले जातात. पण 1993 मध्ये लंडनमधील किशोरवयीनांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून तयार केलेल्या सुमारे पाच लाख शब्दांच्या संग्रहात, ती इंग्रजीभाषक मुलेही कोणत्याही कर्त्याच्या आणि काळाच्या वाक्यामागे एकच ‘इनिट’, म्हणजे ‘इजंट इट’चे झिजलेले रूप, जोडताना आढळतात.