अलेक्झांडर (नाव)

अलेक्झांडर : मूळ ग्रीक पुरुषनाम. ग्रीक रूप ‘अलेक्सांद्रोस’. ‘अलेक्सेइन’ म्हणजे परतवणे, राखणे आणि ‘आनेर’ (षष्ठी ‘आंद्रोस’) म्हणजे पुरुष, या दोन शब्दांपासून ते बनले. माणसांचे रक्षण करणारा, असा त्याचा अर्थ. फारसी-अरबीमार्गे भारतात आलेले ‘सिकंदर’ हे याच नावाचे रूप होय.

मॅसिडोनियाच्या तिसऱ्या, म्हणजे जगज्जेत्या, अलेक्झांडरमुळे (इ. स. पू. ३५६–३२३) हे नाव जगभर गेले, पण ते त्याच्याहून जवळजवळ हजार वर्षांनी जुने आहे. आजच्या तुर्कस्तानातील प्राचीन हित्ती साम्राज्याचा राजा दुसरा मुवाताल्ली याने इ. स. पू. १२८०च्या सुमारास विलुसाच्या ‘अलाक्सांदू’ नावाच्या राजाशी तह केला. विलुसा म्हणजेच ट्रॉय, असे बहुतेक अभ्यासक मानतात. होमरच्या इलियडमध्ये ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याचे दुसरे नाव अलेक्सांद्रोसच आहे, म्हणून या तहाकडे अभ्यासकांचे विशेष लक्ष गेले. त्याच शतकातील ग्रीसमधील मायसीनी येथील एका मातीच्या पाटीवर ‘अ-रे-क-स-द-र’ अशी अक्षरे आहेत. त्या लिपीत ‘र’ आणि ‘ल’ वेगळे लिहीत नसत, त्यामुळे वाचन होते ‘अलेक्सांद्रा’. हे स्त्रीचे नाव आहे. विजेत्या सेनापतीशी घट्ट जोडल्या गेलेल्या या नावाचा ग्रीक लेखनातील सर्वांत जुना पुरावा एका बाईचा निघावा, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे.

नावाचे सर्वांत मोठे रूपांतर पश्चिम आशियात झाले. अरबीत ‘अल्’ हे नामाला लागणारे उपपद आहे. परक्या नावाच्या आरंभीचा ‘अल’ अरबी भाषकांना तेच उपपद वाटले आणि तो सुटा झाला. उरलेल्या भागातील ‘क्स’चा क्रम उलटून ‘स्क’ झाला. अशा रीतीने ‘इस्कंदर’ तयार झाले. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया अरबीत ‘अल्-इस्कंदरिया’ होते, त्यामागे हेच कारण. फारसीत ‘इस्कंदर’ आणि ‘सिकंदर’ ही दोन्ही रूपे चालतात. इराणचे या नावाशी नाते मात्र सरळ नाही. जुन्या पहलवी (मध्य फारसी) ग्रंथांत अलेक्झांडरला ‘गुजस्तग’, म्हणजे शापित, हे विशेषण लागते. पुढे फिरदौसीच्या शाहनाम्यात तोच सिकंदर इराणी राजा दाराचा सावत्र भाऊ ठरतो. ज्याने राज्य बुडवले त्यालाच घरचा करून घेतल्यावर हे नाव मुलांना ठेवण्यात अडचण उरली नाही. तुर्कस्तानपासून मलाक्का व आचेच्या सुलतानांपर्यंत ‘इस्कंदर’ पोहोचले. अल्बेनियाचा योद्धा ग्यर्ग्य कास्त्रियोती (१४०५–१४६८) ‘स्कंदरबेग’ म्हणून ओळखला जातो. ते तुर्की ‘इस्कंदर बे’चेच रूप.

भारतात हे नाव प्रथम दिसते ते अशोकाच्या तेराव्या शिलालेखात. तेथे पाच यवन, म्हणजे ग्रीक, राजांची नावे असून शाहबाझगढी येथील पाठात शेवटचे नाव ‘अलिकसुदर’ आहे. हा जगज्जेता अलेक्झांडर नव्हे. तो केव्हाच वारला होता. एपिरसचा किंवा कॉरिंथचा अलेक्झांडर, असे दोन तर्क केले जातात. ‘अल’ शाबूत असलेले हे प्राकृत रूप पुढे लोपले आणि मध्ययुगात ‘सिकंदर’ रूढ झाले. दिल्लीचा सिकंदर लोदी, काश्मीरचा सुलतान सिकंदर आणि १६८६ साली औरंगजेबाला शरण गेलेला विजापूरचा शेवटचा सुलतान सिकंदर आदिलशाह ही त्यांतली ठळक नावे. सिकंदराबाद हे शहर निजाम सिकंदर जाहच्या नावाने वसले. भोपाळच्या सिकंदर बेगम (मृत्यू १८६८) यांच्या रूपाने हे नाव राज्यकर्त्या स्त्रीनेही धारण केले. केरळच्या सीरियन ख्रिस्ती समाजातील ‘चांडी’ हेही अलेक्झांडरचेच रूप मानले जाते. मराठीत इतिहास लिहिताना ‘अलेक्झांडर’ आणि ‘सिकंदर’ दोन्ही वापरतात, पण एखाद्याचे ‘नशीब सिकंदर’ असते, तिथे ‘अलेक्झांडर’ कोणी म्हणत नाही.

युरोपातही नावाची मोडतोड कमी झाली नाही. इटालियनमध्ये ‘अलेस्सांद्रो’ आणि त्याचे लाडके ‘सांद्रो’; हंगेरियनमध्ये ‘शांदोर’, म्हणजे तिथेही आरंभीचा ‘अल’ गळाला, मात्र अरबी उपपदाशी त्याचा संबंध नाही. स्पॅनिशमध्ये ‘x’ या अक्षराचा उच्चार आधी ‘श’ व नंतर घशातला ‘ह’ होत गेला, म्हणून ‘अलेहांद्रो’. शेजारच्या पोर्तुगीजमध्ये ‘श’ टिकला आणि ‘अलेशांद्र’ राहिले. स्कॉटलंडमध्ये बाराव्या-तेराव्या शतकांत या नावाचे तीन राजे झाले, तेथील गेलिक रूप ‘अलास्डेर’. इंग्रजी वळणाचे ‘अ‍ॅलिस्टर’ क्रिकेटरसिकांना कुकमुळे परिचित आहे. रशियन ‘साशा’ मुलगा आणि मुलगी दोघांनाही चालते. ‘सांद्रा’ हे अलेस्सांद्राचे तुटलेले रूप आज स्वतंत्र नाव म्हणून वावरते. ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरियाचे पहिले नाव ‘अलेक्झांड्रिना’ होते. रशियाचा झार पहिला अलेक्झांडर तिचा धर्मपिता होता.

गोव्यात कळंगुटचे चर्च ज्या सेंट अ‍ॅलेक्सला वाहिलेले आहे, तो अलेक्झांडर नव्हे. पोर्तुगीज ‘अलैशु’, ग्रीक ‘अलेक्सिओस’ हे त्याच ‘अलेक्सेइन’ धातूपासून निघालेले वेगळे नाव आहे. दोन्हींचे लघुरूप ‘अ‍ॅलेक्स’च होत असल्याने गल्लत होते.