उग्र वास म्हणजे क्लोरीन जास्त, हा समज

‘घरच्या पोहण्याच्या तलावाला उग्र वास आला, डोळे चुरचुरले, की पाण्यात क्लोरीन जास्त झाले,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. वास क्लोरीनसारखाच असल्याने असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक वेळा स्थिती नेमकी उलट असते. घाम आणि लघवी यांतील नत्रयुक्त द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, आणि तो वास व ती चुरचुर प्रामुख्याने त्यांची असते. जंतू मारणारे मुक्त क्लोरीन तोवर खर्ची पडलेले असते. अशा वेळी मात्रा घटवणे मुलांसाठी खरोखर धोक्याचे आहे.

पडताळणी घरीच करता येते. तपासणी संचातील नळीत तलावाचे पाणी घेऊन पहिली गोळी विरघळवावी: येणारी गुलाबी छटा मुक्त क्लोरीन दाखवते. त्याच नळीत संचातील दुसऱ्या प्रकारची गोळी टाकल्यावर रंग स्पष्टपणे गडद झाला, तर तेवढे क्लोरीन क्लोरामाइनमध्ये अडकलेले आहे. मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान 1 मिलिग्रॅम आणि पीएच 7.2 ते 7.8 असावा, कारण पीएच बिघडल्यानेही डोळे चुरचुरतात. उपाय म्हणून क्लोरीनची वाढीव मात्रा सूर्यास्तानंतर द्यावी, कारण उन्हात ते लवकर नष्ट होते, आणि पातळी उतरेपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये.