नाइट गार्ड घातला म्हणून घोरणं थांबत नाही

ठाण्याहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये आमच्या ग्रुपचे एक काका बसायला जागा मिळाली की मुलुंड यायच्या आत मान टाकतात. घोरणं असं की दारात लटकलेले लोकही वळून बघतात. "डेंटिस्टनं प्लेट दिलीय ना, रोज घालतो," म्हणत त्यांनी एकदा डबी उघडून दाखवली. आत होता नाइट गार्ड.

गोंधळ होणारच. स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडण्याचा आजार, त्यासाठीची प्लेटही दंतवैद्यच माप घेऊन करून देतो, तीही रात्रीच तोंडात घालायची आणि सकाळी धुऊन डबीत ठेवायची.

नाइट गार्ड झोपेत दात खाणाऱ्यांसाठी असतो. बहुतेकदा एकाच जबड्यावर बसतो आणि दातांऐवजी स्वतः झिजतो. काम संपलं.

अ‍ॅप्नियात अडचण असते घशात. झोपेत स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, श्वासाची वाट बंद होते. निदान 10 सेकंद श्वास अडला की तो एक झटका धरतात. तासाला असे किती झटके येतात किंवा श्वास किती वेळा उथळ होतो, त्यावर आजार मोजतात: 5 ते 15 सौम्य, 30 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. यासाठीच्या प्लेटचे दोन भाग असतात, एक वरच्या दातांवर, एक खालच्या. दोन्ही अशा जोडलेल्या की खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरला जातो. जबड्यासोबत जीभ पुढे येते आणि वाट मोकळी राहते. जबडा एकदम पुढे ओढत नाहीत. स्क्रू किंवा पट्टे बदलत काही आठवडे थोडंथोडं सरकवतात. सुरुवातीला लाळ गळते, सकाळी जबडा ठणकतो. वर्षानुवर्षं वापरल्यावर दात किंचित सरकून चावा बदलू शकतो, म्हणून दंतवैद्याकडे फेऱ्या चुकत नाहीत. शिवाय पकड बसायला पुरेसे घट्ट दात हवेत. पूर्ण कवळी असलेल्यांना ही प्लेट सहसा जमत नाही.

झटके कमी करण्यात मास्कमधून हवेच्या दाबानं श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप मशीन सरस आहे, तीव्र आजारात तर आधी तेच. पण मास्क काढून उशाशी ठेवणारे कमी नाहीत, आणि न लावलेल्या मशीनपेक्षा रोज घातलेली प्लेट बरी, असं माझं मत. ऑनलाइन मिळणाऱ्या, गरम पाण्यात मऊ करून चावायच्या पट्ट्यांना मात्र मी या रांगेत बसवणार नाही.

अदलाबदलीत खरा धोका असा की दात खाणं आणि अ‍ॅप्निया अनेकदा एकाच माणसात सापडतात. दात झिजलेले दिसले, गार्ड मिळाला, श्वासाकडे कुणी पाहिलंच नाही, असं होतं. त्यातून वरच्या जबड्यावरच्या गार्डनं काही अ‍ॅप्निया रुग्णांचे झटके वाढल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून घोरणं, दिवसा पेंग आणि घरच्यांनी पाहिलेला अडकलेला श्वास असं सगळं जुळत असेल तर प्लेटच्या आधी झोपेची तपासणी. प्लेट नीट बसल्यावर ती घालून पुन्हा एकदा, कारण घोरण्याचा आवाज गेला म्हणजे श्वास सुधारलाच असं नाही.

काकांची तपासणी येत्या शनिवारी आहे. डबी सोबत न्या, एवढं मी बजावलंय.