काचघरातून किनाऱ्याकडे: कॅमेलियाच्या लागवडीची पार्श्वभूमी

कॅमेलिया जपोनिका हे चीन, जपान आणि कोरियातलं सदाहरित झुडूप. चहाचं सख्खं भावंड. इंग्लंडमध्ये ते १७३९ च्या सुमारास एसेक्समधल्या थॉर्नडन हॉलमध्ये, लॉर्ड पीटर यांच्याकडे फुललं. पूर्वेकडचं म्हणजे उष्ण हवेतलं, या समजुतीने ते तापवलेल्या काचघरात ठेवलं आणि त्या उष्म्यानेच गेलं, असं सांगतात. समजूत मात्र टिकली. १७९२ साली ‘कार्नॅटिक’ जहाजातून भरगच्च पाकळ्यांची पांढरी ‘आल्बा प्लेना’ आली, १८२८ मध्ये लंडनमधल्या चिझिक हाउस या वाड्याच्या काचघरात संग्रह लागला. तरी झाड बराच काळ काचेखालीच राहिलं.

उघड्यावर त्याला खरं घर मिळालं ते इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या किनारी बागांत. सौम्य हिवाळा, भरपूर पाऊस, आम्लधर्मी माती. वनस्पती गोळा करणाऱ्या जॉर्ज फॉरेस्टने चीनच्या युनान प्रांतातून पाठवलेल्या बियांतून कॅमेलियाची सॅल्युएनेन्सिस ही जाती तिथे पोचली. कॉर्नवॉलमधल्याच केअरहेज इस्टेटीच्या जे. सी. विल्यम्स यांनी १९२० च्या दशकात तिचा जपोनिकाशी संकर केला. हाच विल्यम्साय गट. याची सुकलेली फुलं आपोआप गळतात. जपोनिकाच्या बऱ्याच वाणांत ती तपकिरी होऊन फांदीलाच चिकटून राहतात. अशा किनाऱ्यावर नवी लागवड करायची तर आमची पसंती विल्यम्सायलाच.

मातीचा सामू (pH) ५ ते ६.५ हवा. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण खोल गोळ्याइतकाच. रोप जास्त खोल बसलं तर वाढ खुंटते, कळ्याही नीट धरत नाहीत. वर ५ ते ७ सेंटिमीटर पानकुजीचं आच्छादन, खोडाला न टेकवता. पाणी चुनखडीचं असेल तर मुळांना लोह घेता येत नाही: शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं दिसतं. म्हणून पावसाचं पाणी साठवून तेच द्यावं.

सर्वाधिक तक्रार कळ्या गळण्याची. दोष थंडीला दिला जातो, पण मूळ बहुधा आदल्या उन्हाळ्यात असतं. पुढच्या हंगामाच्या कळ्या तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जुलै ते सप्टेंबरमध्ये तयार होतात. तेव्हा माती सुकली तर फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या न उमलताच पडतात.

खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात, त्यामुळे समुद्राच्या बाजूला खारा वारा सोसणाऱ्या एस्कॅलोनिया या झुडपाचं दाट कुंपण आधी वाढवावं. पूर्वेकडची उघडी जागा टाळावी: गोठलेल्या कळीवर सकाळचं ऊन थेट पडलं की ती झपाट्याने वितळते आणि पाकळ्या काळवंडतात. छाटणी बहर संपल्यावर लगेच, नवी पालवी फुटण्याआधी. उशिरा केली तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात.