फिल्म स्कॅनरची सुरुवात छापखान्यात झाली

फिल्म स्कॅनर म्हणजे कॅमेऱ्याच्या फिल्मवरचं चित्र प्रकाशाने वाचून उतरवणारं यंत्र. तो तयार झाला बातमीच्या आणि छपाईच्या गरजेतून. घरोघरी साठलेल्या निगेटिव्ह आणि स्लाइड त्याच्यापुढे यायला फार उशीर लागला, आणि घरगुती फिल्म स्कॅनरचा बहराचा काळही जेमतेम पंधरा-वीस वर्षांचा ठरला. आज जुनी फिल्म स्कॅन करू पाहणाऱ्याला ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बऱ्याचशा या उलट्या क्रमातून आलेल्या आहेत. नामांकित यंत्रांचं उत्पादन थांबलेलं, त्यांची सॉफ्टवेअर नव्या संगणकावर न चालणारी आणि निगेटिव्हचे रंग काही केल्या जागेवर न येणारे.

मूळ कल्पना संगणकाच्याही आधीची. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉर्न यांनी 1907 मध्ये म्युनिकहून बर्लिनला तारेवरून छायाचित्र पाठवून दाखवलं. फिल्म काचेच्या फिरत्या नळकांड्यावर गुंडाळायची, प्रकाशाचा बारीक झोत तिच्यातून आरपार सोडायचा आणि पलीकडे सेलेनियमच्या घटावर पडू द्यायचा. फिल्म जिथे गडद, तिथे प्रकाश कमी आणि वीजही कमी. नळकांडं फिरता फिरता पुढे सरके आणि झोत रेघ रेघ करत सगळं चित्र वाचून काढी. आकड्यांचा त्यात पत्ता नव्हता, पण फिल्म स्कॅनिंगचं तत्त्व इथे पूर्ण दिसतं. आकडे आले 1957 मध्ये. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो ड्रमवर, म्हणजे तशाच फिरत्या नळकांड्यावर, लावून संगणकात उतरवला. तो होता 176 बाय 176 पिक्सेलचा.

दरम्यान छपाईवाल्यांची निकड वेगळी होती. रंगीत पान छापायचं तर चित्राचे निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चार भाग पाडावे लागतात. हे रंगविभाजन कॅमेरा, फिल्टर आणि हाताने केलेल्या दुरुस्त्या यांवर चाले. त्यात वेळ जाई आणि कसबी माणूस लागे. कोडॅकमध्ये अलेक्झांडर मरे आणि रिचर्ड मोर्स यांनी 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात रंगीत स्लाइड विजेच्या साहाय्याने वाचून हे काम करणारा स्कॅनर मांडला. पुढे इंग्लंडमधली क्रॉसफील्ड आणि जर्मनीत कील इथली रुडॉल्फ हेल यांची कंपनी यांनी ड्रम स्कॅनर मोठमोठ्या छापखान्यांत नेले. स्लाइड पारदर्शक ड्रमवर, पुष्कळदा तेलाचा पातळ थर देऊन, चिकटवायची. ड्रम गरगर फिरणार आणि फोटोमल्टिप्लायर नळी एका वेळी एकच ठिपका वाचणार. ही नळी अतिशय मंद प्रकाशही टिपते. स्लाइडच्या गडद सावल्यांची घनता 3 च्या वर जाते, म्हणजे प्रकाशाचा हजारावा भागही त्यातून पार होत नाही. तिथला तपशील पकडण्यात ड्रम स्कॅनर पुढच्या बहुतेक यंत्रांना भारी ठरले. मात्र यंत्र खोलीभर, किंमत छापखान्यालाच परवडणारी आणि चालवायला शिकलेला माणूस हवा.

वाट मोकळी झाली ती सीसीडीमुळे, म्हणजे प्रकाशाचं विजेत रूपांतर करणाऱ्या चिपमुळे. बेल लॅब्समध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी 1969 मध्ये तिची कल्पना मांडली. दोघांना 2009 चं नोबेल मिळालं. सीसीडीची एक पट्टी अख्खी ओळ एकदम वाचते, त्यामुळे फिरत्या ड्रमची गरज संपली आणि 35 मिमी फिल्मसाठी टेबलावर मावणारे स्कॅनर शक्य झाले. फोटोशॉपची वाटचालही इथूनच सुरू होते, हे फारसं सांगितलं जात नाही. 1990 मध्ये अडोबीने ते बाजारात आणलं, पण त्याआधी त्याच्या थोड्या प्रती बार्नीस्कॅन नावाच्या स्लाइड स्कॅनरसोबत दिल्या गेल्या होत्या.

याच सुमाराला कोडॅकने मोठा डाव टाकला. 1992 मध्ये आलेल्या फोटो सीडीच्या योजनेत ग्राहकाने फिल्म लॅबमध्ये द्यायची आणि शंभरेक फोटो मावणारी तबकडी घरी न्यायची, असा बेत होता. नेहमीच्या तबकडीवर सर्वांत मोठी प्रतिमा 3072 बाय 2048 पिक्सेलची, म्हणजे सुमारे 6 मेगापिक्सेलची. त्या काळच्या संगणकांना एवढी फाइल पेलणंही जड जाई, त्यामुळे यापुढे काही लागेल असं कुणाला वाटलं नसावं. पण फॉरमॅट कोडॅकच्याच मुठीत राहिला, घराघरांत पसरला नाही आणि पुढे बऱ्याच प्रोग्रॅमांनी तो उघडणंही सोडून दिलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. अनेक तबकड्या आज वाचताना नाकीनऊ येतात, आणि ज्या निगेटिव्हवरून त्या केल्या त्या नीट ठेवल्या असतील तर त्यांत 6 मेगापिक्सेलपेक्षा पुष्कळ जास्त तपशील अजून शिल्लक आहे.

घरगुती स्कॅनरांपुढे खरी कसोटी निगेटिव्हचीच होती. स्लाइड जशी दिसते तशीच उतरवायची असते. रंगीत निगेटिव्हला मात्र नारिंगी झाक असते आणि ती मुद्दाम दिलेली आहे. फिल्ममधले निळसर आणि किरमिजी रंग शुद्ध नसतात, नको तो प्रकाशही शोषतात. त्याची भरपाई म्हणून 1940 च्या दशकात कोडॅकने रंगीत कपलर, म्हणजे फिल्ममध्ये रंग तयार करणारी रसायनं, वापरून या झाकेचा मास्क फिल्ममध्येच बसवला. रचना सगळी फोटोच्या कागदासाठी होती, स्कॅनर कुणाच्या डोक्यातही नव्हता. म्हणून निगेटिव्ह नुसती उलटी करून भागत नाही. मास्क वजा करावा लागतो, तिन्ही रंगांचे वक्र वेगवेगळे जुळवावे लागतात, आणि तरीही दोन प्रोग्रॅम एकाच निगेटिव्हचे दोन वेगळे फोटो देतात.

धुळीवर तोडगा निघाला तो फार देखणा. 1990 च्या दशकात अप्लाइड सायन्स फिक्शन या कंपनीने डिजिटल आइस आणलं. रंगीत फिल्ममधले रंग अवरक्त किरणांना जवळपास पारदर्शक असतात; धूळ आणि ओरखडे मात्र त्यांनाही अडवतात. लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाबरोबर अवरक्त प्रकाशातही एक स्कॅन घेतला की फक्त डागांचा नकाशा हाती येतो आणि तेवढीच जागा भरून काढता येते. पारंपरिक कृष्णधवल फिल्मवर ही युक्ती चालत नाही, कारण तिथलं चित्रच चांदीचं असतं आणि चांदी हे किरण अडवते. कोडाक्रोम स्लाइडही तिला त्रास देतात.

निकॉनच्या कूलस्कॅन मालिकेत हे सगळं एकत्र आलं: एलईडीचा थंड प्रकाश, डिजिटल आइस आणि 4000 डीपीआय, म्हणजे इंचाला 4000 ठिपके. 35 मिमीच्या एका चौकटीमागे साधारण 21 मेगापिक्सेल मिळत. पण यंत्र परिपक्व झालं तेव्हा लोक डिजिटल कॅमेऱ्याकडे वळले होते. मिनोल्टाचे उत्तम स्कॅनर बनवणारी कोनिका मिनोल्टा 2006 मध्ये कॅमेऱ्याच्या धंद्यातूनच बाहेर पडली. निकॉननेही 2010 च्या आसपास कूलस्कॅन थांबवले. फिल्म काढणारे घटले की स्कॅनरची गरज संपेल, हा हिशेब कच्चा होता. दशकानुदशकांची साठलेली फिल्म तर तशीच पडून होती. ही यंत्रं पडीक झाली नाहीत याचं बरंचसं श्रेय एड हॅमरिक यांच्या व्ह्यूस्कॅनला जातं. 1998 पासून चालत आलेल्या या प्रोग्रॅममुळे कंपनीने वाऱ्यावर सोडलेले किती तरी स्कॅनर आजच्या संगणकांना जोडता येतात.

प्लस्टेकसारखे नवे स्कॅनर आणि एपसनचे फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचे स्कॅनर, आले, तरी अलीकडे कल आहे तो मॅक्रो लेन्स लावलेल्या डिजिटल कॅमेऱ्याने, खालून प्रकाश देऊन, निगेटिव्हचा थेट फोटो काढण्याकडे. कूलस्कॅनला चौकटीमागे मिनिट लागे, तिथे हे काम क्षणात होतं. मात्र अवरक्त स्कॅन नसल्याने धूळ पुन्हा हातानेच साफ करावी लागते. घाईला कारणही आहे. ॲसिटेट या प्लास्टिकच्या जुन्या फिल्मला एकदा व्हिनेगरचा वास सुटला, की ती आक्रसते, वाकते. ती क्रिया उलटवता येत नाही, थंडीत ठेवून फक्त मंदावता येते.