सॅटेलाइट ट्रान्सपाँडर उलटा का असतो, त्यामागची गोष्ट

कोल्हापुरात गच्चीवर किंवा पन्हाळ्यावर यागी अँटेना घेऊन उभं राहणाऱ्या नव्या हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचा, प्रश्न ठरलेला असतो. सॅटेलाइटवर एलएसबीत (लोअर साइडबँड, म्हणजे आवाज मूळ फ्रिक्वेन्सीच्या खालच्या बाजूला) बोललो तर खाली यूएसबीत (अप्पर साइडबँड, वरच्या बाजूला) का ऐकू येतं?

1961 च्या ऑस्कर 1 या हॅम सॅटेलाइटमध्ये ट्रान्सपाँडर, म्हणजे खालनं आलेला सिग्नल दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर परत खाली सोडणारं यंत्र, नव्हताच, तो सॅटेलाइट नुसता मोर्समध्ये 'हाय' पाठवायचा. 1965 ला ऑस्कर 3 नं खालनं आलेले सिग्नल परत खाली सोडले. पण आपल्यासाठी खरा काळ म्हणजे भारताचा हॅमसॅट, त्याचंच दुसरं नाव व्हीओ-52. तो 5 मे 2005 ला श्रीहरिकोट्याहून कार्टोसॅट-1 बरोबर गेला, त्यात एक भारतीय आणि एक नेदरलँड्सच्या विद्यार्थ्यानं बनवलेला असे दोन ट्रान्सपाँडर. भारतीय ट्रान्सपाँडर 435.220 ते 435.280 मेगाहर्ट्झचा अख्खा पट्टा उचलायचा, मिक्सरनं (दोन फ्रिक्वेन्सींची बेरीज-वजाबाकी करणारं सर्किट) खालच्या फ्रिक्वेन्सीला आणायचा, फिल्टर करून वाढवायचा आणि 145.870 ते 145.930 वर सोडून द्यायचा. कोण काय बोलतंय ते डिमॉड्युलेट करायच्या, म्हणजे आवाज वेगळा काढायच्या, भानगडीत पडायचाच नाही.

आता उलटं कुठं होतं, तर मिक्सरमध्ये ऑसिलेटरच्या (ठरावीक फ्रिक्वेन्सी तयार करणारं सर्किट) फ्रिक्वेन्सीतनं सिग्नल वजा केला की पट्ट्याची वरची बाजू खाली येते आणि साइडबँडही फिरतो. हे मुद्दाम केलेलं असतं. सॅटेलाइट आपल्याकडं येताना 435 वर डॉप्लर, म्हणजे सॅटेलाइटच्या वेगामुळं फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक, साधारण 10 किलोहर्ट्झ चढतो, 145 वर तीनेक. पट्टा सरळ असता तर दोन्हींची बेरीज होऊन 13 झाली असती, उलटा असल्यामुळं वजाबाकी होऊन 7 च्या आसपास राहते, आणि पास, म्हणजे सॅटेलाइट आपल्यावरनं जायचा वेळ, 10-12 मिनिटांचा असताना एका हातात अँटेना आणि दुसऱ्या हातात डायल धरलेल्या माणसाला हा फरक लई मोठा आहे.

तरीही एसओ-50 सारख्या एफएम सॅटेलाइटकडंच लोक वळले, कारण हँडसेट पुरतो. पण तिथं चॅनेल एकच, ज्याचा सिग्नल तगडा तोच ऐकू येतो, बाकीचे गप्प. व्हीओ-52 सारख्या, अख्खा पट्टा तसाच परत सोडणाऱ्या लिनियर ट्रान्सपाँडरवर 60 किलोहर्ट्झमध्ये कितीतरी जण एकाच वेळी बोलू शकतात, फक्त एक वॅटचं आउटपुट सगळ्यांत वाटलं जातं म्हणून कुणी जास्त पॉवर मारली की बाकीच्यांचे सिग्नल दबतात. शिस्त पाळली तर लिनियरच भारी, माझं मत पक्कं आहे.

2014 ला बॅटरी गेली आणि व्हीओ-52 थांबला. 2018 ला क्यूओ-100 आला, तो भूस्थिर, कोल्हापुरातनं पश्चिमेला तिशीच्या वर अंशांत कायम एकाच जागी. डॉप्लर जवळपास नाहीच, म्हणून तिथं पट्टा सरळ ठेवलाय, यूएसबीत बोला आणि यूएसबीतच ऐका.